सर्जा खेकडा आणि आमच्या बजरंगाचा अबोला

बजरंग माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली हडपसरात जो तो म्हणतो, बजरंग आमचाच. तो आमचाच हाय, बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं. मी नववीपर्यंत शिकलो, तो सातवीतच मास्तरला रामराम करून आला. पण जनावराची नाडी बघायला त्याच्यापुढं भलेभले डॉक्टर गप बसलेत. त्याला हे सगळं कुणी शिकवलं? मी. म्हणजे मी मोठा हाय, मी नको-नको म्हणत गेलो आणि तो शिकत गेला.

आमची पिढीजात जमीन इथंच. आता तिच्यावर आमच्याच नावाची चार मजली बिल्डिंग उभी हाय, कमान मी स्वतः सांगून मोठी करून घेतली. जिथं गोठा होता तिथं पार्किंग झालं. बैलांची पाण्याची सिमेंटची टाकी तेवढी राहिली, कारण ती फोडायला माणसं आली तवा बजरंग जाऊन तिच्यात बसला. चार तास. शेवटी इंजिनियरनंच नकाशात तिला जागा दिली.

बैल मात्र राहिले नाहीत. सर्जा आणि राजा. तीन वर्षांपूर्वी बजरंग मार्केट यार्डात पेंड आणायला गेला होता, तेवढ्यात मी जोडी सासवडकडच्या एका शेतकऱ्याला विकून टाकली. चांगला माणूस, चांगला गोठा. मोठ्या भावानं निर्णय घ्यायचा असतो, मी घेतला. त्याला विचारलं नाही, एवढीच माझी बायको ललिताची तक्रार. बजरंग आला, रिकाम्या दावणीकडं बघितलं, पेंडीचं पोतं खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा बंद झाला.

बंद म्हणजे साधं बंद नव्हे. आमच्या घराण्यात अबोलासुद्धा लेचापेचा नसतो. मी समोर उभा असलो तरी तो ललिताला सांगायचा, "वहिनी, दादाला सांगा, गाडी वाकडी लावलीय." ललिता मला सांगायची, "अहो, गाडी वाकडी लावलीय." मी म्हणायचो, "त्याला सांग, गाडी माझी हाय." ती भांडी घासता घासता दोन्हीकडचे निरोप पोचवायची. एकदा ती माहेरी गेली तर त्यानं लिफ्टच्या दाराला सांगितलं, "दादाला सांग, भात लागलाय."

ह्या वर्षी गणपती उठले आणि मी पडलो. मिरवणुकीत माझ्यासारखं लेझीम पुण्याच्या पूर्वेकडच्या भागात कुणी खेळत नाही, त्यात पाऊस लागला, सर्दी छातीत गेली. ललिता म्हणली, "खेकड्याचा रस्सा प्या, एका वाटीत मोकळे व्हाल." बजरंग मुकाट्यानं पिशवी घेऊन निघाला. बोलत नसला तरी माझी सर्दी त्याला बघवत नव्हती, हे लिहून ठेवा.

आम्हाला खेकडा माहीत तो ओढ्यातला, बांधावरचा. ह्यानं आणला तो ताटाएवढा, हिरवट काळा, दोन्ही नांग्या सुतळीनं करकचून बांधलेल्या. डोळे काड्यांवर. ललिता म्हणली, "भाऊजी, खेकडा आणलाय का पैलवान?" आम्ही तो बोअरच्या पाण्यात बादलीत टाकला. तासाभरात पैलवान मलूल. बजरंगानं बादली उचलली आणि तशीच बाजारात मासळीवाल्या दुर्गाबाईकडं नेली.

दुर्गाबाई बघून कपाळाला हात लावून म्हणली, "अरे, समुद्राकडचा हाय तो! गोड्या पाण्यात घातलास? तुला कुणी गोमूत्रात ठेवलं तर चालंल का?"

बजरंगाला ते लागलं. घरी येऊन त्यानं बैलांची टाकी घासली, विटांचं बीळ केलं, दुकानातून बुडबुड्याचं यंत्र आणून लावलं आणि जाड्या मिठाचं पोतं फोडलं. पण किती मीठ? घरात समुद्र बघितलेला माणूस एकच, मी. अलिबागला गेलो होतो तवा लाटेनं पाडलं आणि अर्धा समुद्र माझ्या पोटात गेला. तेवढा अनुभव पुण्यात फार थोड्यांना असंल.

बजरंग खेकड्याकडं बघत म्हणला, "सर्जा, दादाला सांग, पाणी चाखून बघ."

सर्जा! त्यानं नावपण ठेवलं होतं. आणि निरोप्याची नोकरी ललिताची सुटून खेकड्याला लागली होती. मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटून अलिबाग आठवलं. म्हणलं, "सर्जा, त्याला सांग, कमी हाय." तवापासून रोज सकाळी पाणी चाखायचं काम माझ्याकडं. माझी जीभ एकदाही चुकली नाही.

तोवर पितृपक्ष लागला. ललितानं जाहीर केलं, अमावस्येपर्यंत घरात वशाट शिजणार नाही. सर्जाला पंधरा दिवसांची मुदत मिळाली, आणि मला सुंठीचा काढा.

त्या पंधरा दिवसांत माझ्या भावानं जे केलं ते समुद्राकाठच्या माणसानं करून दाखवावं. नांग्या बांधलेल्या, म्हणून तो त्याला हातानं भरवायचा. सुकटाचा तुकडा तोंडापाशी धरून म्हणायचा, "घे राजा, घे, सावकाश." बैलाची जुनी घुंगूरमाळ काढली. टाकीवर दोनदा वाजवली की सर्जा बिळातून तिरका तिरका चालत काठाला यायचा. मी पण वाजवली. खेकडा आला नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन बायका कचऱ्याच्या बादल्या घेऊन आल्या. म्हणल्या, "घंटागाडी कुठाय?"

ह्याच अमावस्येला आमच्याकडं भाद्रपदी पोळा. बैल गेल्यापासून आम्ही मातीची जोडी पुजायचो आणि बजरंग त्या दिवशी गेटवर जाऊन बसायचा. ह्या वर्षी आदल्या दिवशीच टाकीपाशी वाकून त्यानं आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ललितानं पुरण घातलं. शिंगांना हिंगूळ लावतात तसं नांग्यांना काहीतरी पाहिजे, म्हणून तिनं लाल नेलपॉलिश दिलं. सर्जाला ओल्या पोत्यावर काढून, पुसून, दोन्ही नांग्या लालभडक केल्या. मी नारळ फोडला. अख्ख्या पुण्यात असा पोळा दुसरीकडं झाला असंल तर दाखवा.

मग बजरंगानं विळी घेतली आणि सुतळी कापायला निघाला.

मी म्हणलं, "सर्जा, त्याला सांग, डोकं फिरलंय का? ते सोडू नको."

तो म्हणला, "सर्जा, दादाला सांग, पोळ्याला जनावराची जुनी दावी, वेसण काढायची असती. हे विकणाराला कळत नाही."

ह्याला उत्तर होतं माझ्याकडं, पण सणाचा दिवस होता.

सुतळी तुटली. आता नैवेद्य. तो मान घरातल्या मोठ्याचा. मी पुरणपोळीचा तुकडा घेऊन हात पुढं केला. बजरंगानं बघितलं की नांगी उघडतीय. घाईघाईनं म्हणला, "सर्जा, दादाला सांग, हात मागं—"

निरोप खेकड्यामार्फत येईस्तोवर अंगठा नांगीत गेला होता.

मी ओरडलो नाही. जो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला तो ललिताचा असंल. बजरंगानं माझं मनगट धरलं आणि हात, अंगठा, खेकडा सगळं एकदम टाकीत बुडवलं. पाण्यात गेल्या गेल्या सर्जानं सोडलं. पण बजरंगानं मनगट सोडलं नाही. हळद येईपर्यंत धरून बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आता बोलंल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो म्हणला, "वहिनी, घट्ट बांधा."

त्या संध्याकाळी सर्जानं सुकट घेतलं नाही. घुंगूरमाळ वाजवली, आला नाही. विटांआड सपाट पडून राहिला. ललिता मला हळूच म्हणली, "अहो, ह्यो पण गेला तर भाऊजी आता भिंतींशीसुद्धा बोलायचे नाहीत." मला जेवण गेलं नाही. पोळ्या मात्र चार खाल्ल्या, सण होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. खालून हाक आली.

"दादा!"

ब्रश तोंडात तसाच ठेवून मी चार मजले उतरलो. लिफ्टची वाट बघितली नाही. बजरंग टाकीपाशी उभा, हातात सर्जा, लाल नांग्या खाली लोंबतायत. थेट माझ्या डोळ्यात बघून म्हणला, "दादा, सर्जा गेला रे."

मी त्याच्या हातातून खेकडा घेतला. हातात घेतला आणि दचकलो. पापडासारखा हलका. मागून उसवलेला, आत काहीच नाही. मी टाकीत वाकलो. विटांआड दोन डोळे काड्यांवर उभे होते. मऊ, ओला, कालच्यापेक्षा मोठा, नांग्यांना नेलपॉलिशचा ठिपकापण नाही.

"बजा, ह्यानं सदरा बदललाय," मी म्हणलं. "सुतळी असती तर नांग्या निघाल्या नसत्या. आत अडकून मेला असता. तू सोडलीस म्हणून."

तो टाकीच्या काठावर मटकन बसला. हसत होता का रडत, ते मी सांगणार नाही, आमच्या घरातली गोष्ट हाय.

मग मी खाकरलो. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य बोलत होतो, म्हणून जरा वेळ लागला. "बजा, ह्याचं पुढं काय करायचं? तू सांग."

त्यानं माझ्या हातातला रिकामा सदरा काढून घेतला. "अंग घट्ट होऊ दे. मग त्याच्या गावाला सोडू. तुला अलिबागचा रस्ता येतो ना, दादा?"

"मला? झोपेत येतो."

"मग आधी पाणी चाख."

मी पट्टी बांधलेला अंगठा सोडून दुसरं बोट बुडवलं. जिभेवर अजून टूथपेस्ट होती, काही कळलं नाही.

"कमी हाय," मी म्हणलं.