पालथा तांब्या

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली आणि त्यालाही आता पुष्कळ वर्षं लोटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कोणी असेल असंही नाही. ही वही मामांच्या सुईची. पुढच्या पानांवर नुसती टिपणं आहेत, कोणता हात, किती रेघा, सकाळ की संध्याकाळ. मागची पानं कोरी राहिली होती. कोरा कागद फुकट घालवणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. बदलापूरहून शिरगावच्या अंगाला आमचं घर आणि थोडी भातशेती. माझे मालक अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जात. घरात मामा, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि मी. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती तरी मामांशी माझं एक वाक्य झालं नव्हतं. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नसे. ते ओटीवर आले की मी पदर ओढून आत जायची. जेवायला वाढलं की भांडं जरा वाजवायचं, म्हणजे त्यांना कळायचं. मला ते कधी जड वाटलं नाही. मी मुळातच अबोल. माहेरीसुद्धा आई म्हणायची की हिच्या तोंडातून शब्द काढायला आकडी लागेल.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मामांचं डोकं दुखायला लागलं. पहाटे उठले की मागून मान धरून बसायचे. मग डोळ्यांसमोर धुकं यायला लागलं. एकदा बांधावर उभे असताना समोरची म्हैस त्यांना दोन दिसली. आत्याबाई म्हणाल्या, "येक घ्यायला पैसं नाय, दोन बघतोस!" मामा हसले, पण त्या दिवशी नांगर धरला नाही.

मालकांनी त्यांना कॅम्पात नेलं. उल्हासनगरला तेव्हा आम्ही कॅम्पच म्हणायचो. तिथे बराकीच्या दोन खोल्यांत एक सिंधी डॉक्टर बसायचे. एका खोलीत त्यांचं बिऱ्हाड, दुसरीत दवाखाना, मध्ये चादरीचा पडदा. त्यांनी मामांच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघितला, मग पुन्हा बघितला, आणि मालकांना बाहेर नेऊन सांगितलं की असंच राहिलं तर डोळे जातील आणि मग माणूस जाईल, वर्षसुद्धा मिळणार नाही. पण एक नवं औषध आलंय, सुईचं. रोज दोन वेळा, कदाचित जन्मभर.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मामा मुंबईच्या इस्पितळात तीन आठवडे राहिले. त्यांना किती औषध सोसतं ते तिथे रेघारेघांनी वाढवत ठरवलं. सकाळी चार रेघा, संध्याकाळी तीन. डोकेदुखी उतरली, धुकं गेलं. पण घरी आल्यावर सुई टोचणार कोण? रोज दोनदा कॅम्पात जाणं शक्य नव्हतं. मालकांची पाळी बदलायची, आणि खरं सांगायचं तर सुई बघूनच त्यांना घाम फुटायचा. आत्याबाईंना आकडे येत नव्हते. पिचकारीवरच्या बारीक रेघा वाचू शकेल असं घरात एकच माणूस होतं.

मी नाही म्हणाले नाही, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

डॉक्टरांनी मला पडद्याआड त्यांच्या बायकोजवळ बसवून शिकवलं. पिचकारी आणि सुई पाण्यात वीस मिनिटं उकळायची. बाटलीच्या रबराला स्पिरिट लावायचं. हवा काढायची. रेघ डोळ्यासमोर धरून बघायची, वरून नाही. रोज जागा बदलायची. त्यांचं मराठी सिंधी चालीचं. "बेटी, सुई टोचणं सोपा आहे. अवघड त्याच्या नंतरचा आहे," असं ते म्हणाले. सुईनंतर मामांनी तासभर पाठीला उशी लावून टेकून बसायचं. मग पाय खाली सोडून बसायचं. मग कोणाला तरी धरून हळूहळू उभं राहायचं. हे औषध दाब खाली आणतं, आणि माणूस झटकन उभा राहिला तर इतका खाली आणतं की डोक्याला रक्तच पोचत नाही. चक्कर आली तर? "आडवा करायचा. सपाट. पाय वर. बसवायचा नाही, काही झाला तरी बसवायचा नाही." हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी पडद्याकडे बघून म्हटलं.

आणि शेवटी म्हणाले, "रोज त्यांना विचारायचा, पोट साफ झाला का. नाही झाला तर औषधाचा हिशोब बिघडतो. जुलाब झाले, उपास केला, फार उन्हात घाम गेला, तर सुई द्यायची नाही, आधी माझ्याकडे यायचा."

मी मान हलवली.

घरी परसात पपई होती. आठ दिवस मी कच्च्या पपईला पाण्याची सुई टोचत होते. आत्याबाई तांदूळ निवडता निवडता बघायच्या. "काय गो, ताप उतरला का तिचा?" आणि शेजारणीला सांगायच्या, "आमची सून पपयांची डॉक्टरीण झाली."

पहिल्या दिवशी मामा भिंतीकडे तोंड करून बसले आणि दंड पुढे केला. माझा पदर नाकापर्यंत. सासऱ्याच्या अंगाला मी पहिल्यांदा हात लावत होते. कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली. पपईपेक्षा मऊ होतं. काढली तेव्हा मामा भिंतीला म्हणाले, "झालं? मना वाटलं माशी बसली." मला इतकं बरं वाटलं की चुलीपाशी जाऊन मी रडले.

राहिला तो पोटाचा प्रश्न. तो मी कसा विचारणार होते? तोंड उघडून पाणी हवं का हे जिथे विचारलं नव्हतं, तिथे हे! आत्याबाईंना मध्ये घातलं तर त्या परसातून गावाला ऐकू जाईल असं ओरडून विचारायच्या आणि मामा संतापायचे. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मामा रानातून आले आणि परसाकडे नेलेला रोजचा तांब्या त्यांनी मोरीच्या दगडावर पालथा ठेवला. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता तांब्यावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि आत गेले. मला कळलं. पालथा म्हणजे झालं. उताणा म्हणजे नाही, आणि मग मी डॉक्टरांनी दिलेलं रेचक त्यांच्या पेल्याशेजारी ठेवायची. कोणी कोणाला काही बोललं नाही. असं आमचं वर्षभर चाललं. मला वाटायचं, आम्ही दोघांनी मिळून केवढी युक्ती काढली.

चूक त्या युक्तीतच होती, ते चैत्रात कळलं.

गावदेवीची जत्रा झाली होती. दुसऱ्या दिवशी तांब्या पालथा होता. मी चार रेघा भरल्या आणि दिल्या. मामा टेकून बसले. त्यांचे ओठ सुकलेले दिसले, पण औषधाने त्यांचं तोंड नेहमीच सुकायचं. जत्रेतलं काही बाधून पहाटेपासून ते पाच वेळा रानात गेले होते, हे तेव्हा मला कळायला मार्ग नव्हता. पालथा तांब्या इतकंच सांगत होता की झालं. किती वेळा झालं, ते सांगायची सोय आम्ही ठेवलीच नव्हती.

अर्धा तास झाला असेल. अंगणात हाक आली. माझे वडील आले होते, जत्रेचे म्हणून दोन आंबे घेऊन. मुलीचा बाप दारात आला आणि सासरा टेकून पडलेला, असं आमच्याकडे कोणी करत नाही. मी आतून हात हलवला, पण मामांचं लक्ष नव्हतं. "या या, व्याही!" म्हणत ते झटकन उठले, हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच दारात कोसळले.

सगळे धावले. माझ्या वडिलांनी त्यांना काखेत हात घालून उचललं आणि भिंतीशी बसवलं. आत्याबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला. शेजारचा कोणी वहाण घेऊन आला. मामांची मान लटकत होती, तोंड पांढरंफटक. कोणी तरी म्हणालं, आडवं करूया. तशा आत्याबाई किंचाळल्या, "भुईवर नका ठेवू! अजून जित्ता हाय माझा धनी!"

आमच्याकडे भुईवर काढून ठेवतात ते शेवटच्या घडीला. ते मला ठाऊक होतं. आणि ते जितका वेळ त्यांना बसवून धरतील तितका वेळ डोक्याला रक्त पोचणार नाही, हेही मला ठाऊक होतं. त्या अंगणात ते फक्त मलाच ठाऊक होतं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सोडा त्यांना! आडवं करा!"

कोणी हलेना. माझे वडील माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी काही मी शिवीच दिली. मी पुढे गेले, वडिलांचे हात मामांच्या काखेतून ओढून काढले आणि मामांना भुईवर सपाट निजवलं. पदर कुठे होता मला माहीत नाही. भाताचं अर्धं पोतं ओढत आणलं आणि त्यांचे पाय उचलून त्यावर ठेवले. आत्याबाई माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या. "मेली, मारतेस काय गो त्यांना!"

"आत्याबाई, त्यांचा हात धरा," मी म्हणाले. "आणि थोडं थांबा."

त्यांनी हात धरला. आम्ही थांबलो. किती ते सांगता येणार नाही. आधी मामांच्या ओठांना रंग आला. मग पापण्या हलल्या. त्यांनी छपराकडे बघितलं, मग पोत्यावरच्या आपल्या पायांकडे.

"बी-भाताच्या पोत्यावर पाय ठेवलं कोनी?" ते म्हणाले.

आत्याबाई हसायला लागल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. त्यांनी माझ्या पाठीवर, मघाशी मारलं तिथेच, हात फिरवला. मामा उठायला लागले तशी मी म्हणाले, "पडून राहा. सांगेन तेव्हा उठायचं." आणि ते पडून राहिले. मग मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत राहिले. मालक कारखान्यातून आले ते तसेच डॉक्टरांना आणायला गेले.

डॉक्टर टांग्यातून आले. दाब बघितला. माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, तांब्यासकट. माझी मान खाली होती. मला वाटलं, आता पिचकारी काढून घेतील. पण ते म्हणाले, "चूक माझा आहे. मी सांगितलं विचारायचा. सून सासऱ्याला कशी विचारणार, ते मी नाही विचारलं." मग मामांकडे वळून म्हणाले, "दादा, लाज मोठी की जीव मोठा?"

दोन दिवस सुई बंद होती. तिसऱ्या दिवशी मी पिचकारी उकळली आणि दाराच्या आत उभी राहिले. मामा रानातून आले. तांब्या पालथा ठेवला. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मामा, कितीदा?"

त्यांनी तांब्या दगडावर जरा सरकवला. मग त्यांनी घसा साफ केला.

"येकदा. बरी झाली."

विचारून उत्तर मिळालेलं आमचं पहिलं बोलणं ते. कोणाला सांगावं असं नाही, म्हणून इथे लिहिलं. त्यानंतर मी रोज विचारलं आणि त्यांनी रोज सांगितलं. हळूहळू आम्ही बाकीचंही बोलायला लागलो, भाताचं, म्हशीचं, माझ्या माहेरचं. मुलगी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा मामांनी घेतलं, टेकून बसून, तास पुरा झाल्यावर. पुढे गोळ्या निघाल्या आणि डॉक्टरांनी एक-एक रेघ कमी करत सुई बंद केली. पिचकारी मी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे.

एक राहिलं. औषधाच्या बाटल्या मुंबईहून याव्या लागत आणि फार महाग होत्या. पहिली दोन वर्षं त्या डॉक्टरांनी स्वतःच्या पैशाने आणून दिल्या. स्वतः बराकीत राहणारा, घरदार सिंधमध्ये टाकून आलेला माणूस. मालकांनी विचारलं की कधी फेडायचे, तर म्हणाले, "दादा स्वतः चालत येऊन देतील तेव्हा." मध्ये मालक थोडे थोडे पैसे घेऊन गेले, तर त्यांच्या हातून ते कधी घेतले नाहीत, दर वेळी परत पाठवले. आम्ही ते डब्यात साठवत गेलो. भात विकला, जांभळांच्या दिवसांत आत्याबाई आणि मी कॅम्पात पाट्या घेऊन बसलो.

मागच्या माघात मामा म्हणाले, "सूनबाय, चल." अंबरनाथ स्टेशनपासून आम्ही कॅम्पापर्यंत चालत गेलो. मी टांग्याकडे बघितलं की ते नको म्हणायचे. दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. मामा बसले नाहीत. उभ्यानेच दंड पुढे केला, डॉक्टरांनी उभ्यानेच दाब बघितला आणि मान डोलावली. मग मामांनी कनवटीचा रुमाल सोडून नोटा टेबलावर ठेवल्या. डॉक्टर त्या न बघता खणात टाकायला लागले.

"मोजा," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी मोजल्या. पैसे पुरे होते.