तीन ओळखीची माणसं

रस्त्यात ओळखीचं कुणी समोरून आलं की काका दुकानांच्या पाट्या वाचू लागत. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी पाहत नसत, ओठांकडे पाहत. पावाचा तुकडा आधी बोटांनी चाचपत, मग खात. काकू भांडायला लागल्या की म्हणत, "जरा सावकाश. डावी बाजू उचलतेय." आणि नवी कवळी कुणाच्या तोंडात बसवली की एक विनोद सांगत. माणूस खदखदून हसला आणि कवळी जागची हलली नाही, तरच काम झालं म्हणत.

काका कवळ्या करायचे. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. माझ्याकडे साहित्याची पदवी होती आणि वेळ होता. मी त्यांच्या बाकाशेजारी बसून पेपर वाचून दाखवायचो.

पाट्या वाचणं हा धंद्याचा नियम होता. कवळी ही लपवायची गोष्ट. कवळीवाल्यानं भर रस्त्यात नमस्कार केला की संपलंच. म्हणून गिऱ्हाईक मागच्या दारानं यायचं, आणि पुढच्या दारानं बाहेर पडलेले काका त्याला ओळखायचे नाहीत. एकतीस वर्षं हे चाललं.

मग युद्ध आलं. पिठात खडी यायला लागली. ती पलीकडच्यांनी घातली, असं ठरलं. डोंगराच्या पलीकडून ज्यांचे पणजोबा आले ते पलीकडचे. काका याच गल्लीत जन्मले, तरी पलीकडचेच. लोक खडीबद्दल त्यांच्या खिडकीवर दगड मारत. खडीनं दात मोडले की मागच्या दारानं येत. एका दुपारी पुढची काच फुटली. दहा मिनिटांत मागची कडी वाजली. आलेल्या गृहस्थांच्या एका हातात मोडकी कवळी होती. दुसरा हात मातीनं भरलेला होता.

काकांनी आधी टॉवेल पुढे केला. "हात धुवून घ्या. तोंडात घालायचंय."

त्यानंतर हुकूम निघाला. प्रत्येक पलीकडच्यानं शुक्रवारपर्यंत इथली तीन प्रतिष्ठित माणसं आणावीत, जी म्हणतील, 'आम्ही याला ओळखतो.' नाहीतर छावणी.

सोमवारी शाळेच्या वर्गात गल्ली-रक्षण समिती बसली. अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांचं हसू गावात प्रसिद्ध होतं.

"मी ओळखतो यांना," मी म्हणालो.

"आपण काय करता?"

"साहित्याचा पदवीधर आहे."

"म्हणजे काही नाही. बसा." अध्यक्ष काकांकडे वळले. "एकतीस वर्षं धंदा करता आणि तीन माणसं तुम्हाला ओळखत नाहीत?"

"नाही."

"रस्त्यात कुणाला साधा नमस्कार करत नाहीत म्हणे. हेर असाच वागतो."

वर्गात बावीस माणसं होती. त्यातली नऊ मी मागच्या दारात पाहिली होती. सगळी फळ्याकडे बघत होती.

बुधवारी काकांच्या घराची झडती झाली. फौजदारसाहेब, एक हवालदार आणि अध्यक्ष आले. फळीवर प्लास्टरचे चाळीस जबडे मांडलेले होते. त्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर.

"हे कुणाचे?" हवालदारानं काकांना विचारलं.

"माणसांचे."

"कसल्या माणसांचे?"

"जेवणाऱ्या."

हवालदार तरुण होता, हुशार होता. म्हणाला, "साहेब, सोपं आहे. गल्लीत एकेकाच्या तोंडाला लावून बघू. ज्याला बसेल तो याच्या टोळीतला."

"काही गरज नाही!" अध्यक्ष ओरडले. फौजदारसाहेबांनीही तोंडावर हात धरून मान हलवली. पंचनाम्यात लिहिलं गेलं: अनोळखी इसमांचे जबडे, चाळीस.

ते गेल्यावर मी म्हणालो, "काका, सात नंबर अध्यक्षांचा आहे. सांगून टाका. तिघांची नावं घ्या, सुटाल."

"सात नंबरच्या बायकोलाही माहीत नाही," काका म्हणाले. "बावीस वर्षांचा संसार आहे त्यांचा."

"अहो, आणि आपला?" काकू म्हणाल्या. "आपला काय भातुकलीचा आहे?"

काकांनी मेण वितळवायचा दिवा पेटवला.

गुरुवारी दुपारी मागची कडी वाजली. अध्यक्ष होते, तोंडाला रुमाल लावून. पावात खडा लागला, वरची कवळी उभी दुभंगली होती.

"शनिवारी सभा आहे," ते रुमालातून म्हणाले. "भाषण आहे माझं."

"कशावर?"

"तुम्हा लोकांवरच."

काकांनी तुकडे उजेडात धरले. "नवीच करावी लागेल. शनिवारी सकाळी मिळाली असती. पण शुक्रवारी मला नेणार आहेत."

अध्यक्षांनी खरोखर विचार केला. "थोडं लवकर नाही का जमणार?"

मी स्टुलावरून उठलो. काकांनी हातानं मला खाली बसवलं.

"एक सही दिलीत तर शनिवारी नक्की," काका म्हणाले. "बाकीच्या दोन तुमच्यामागून येतील."

"सही दिली असती हो. पण ओळखतो कसा म्हणून विचारतील. आपली तर ओळखच नाही."

"तेही खरंच," काका म्हणाले, आणि माप घ्यायला बसले.

रात्रभर त्यांचा दिवा चालू होता. शुक्रवारी अकराला ट्रक आला. काका बाकावरच होते.

"दोन दाढा राहिल्यात. अर्धा तास द्या."

"हुकूम आहे, काका," हवालदार म्हणाला. तो पहिल्यांदाच त्यांना काका म्हणाला होता.

काकूंनी दोघांचं मिळून एक गाठोडं घेतलं. काकांनी दिवा विझवला आणि मला म्हणाले, "मेण उन्हात ठेवू नकोस."

ट्रकभोवती गल्ली जमली होती. अध्यक्ष आपल्या दुकानाच्या पायरीवर, रुमाल लावून उभे होते. ट्रक त्यांच्यासमोरून हळू गेला. दोघांची नजर भेटली. काकांनी लगेच मान वर केली आणि औषधांच्या दुकानाची पाटी वाचायला लागले.

शनिवारी सकाळी मागची कडी वाजली. "झाली का हो?" रुमालामागून आवाज आला. मी दार उघडलं नाही.

कवळी बाकावर आहे. मेणात बारा दात बसलेत. दोन दाढा बशीत आहेत. मग ती पक्की करायची, घासायची, तोंडात बसवायची, आणि तो विनोद सांगायचा. विनोद मला पाठ आहे.