धुळाचा खोटा भंडारा

पलटणीला वझिरिस्तानला निघायचा हुकूम आला, त्याच दिवशी परेडवर नवीन जोड्या लागल्या. लुईस गन, नंबर एक, शिपाई सिदू, म्हणजे मी. नंबर दोन, शिपाई धुळा. मला वाटलं, वाचताना चूक झाली असेल. परेड सुटल्यावर मी आमच्या हवालदारांकडे गेलो आणि तोंडावर सांगितलं की धुळा सोडून दुसरा कोणीही द्या.

हवालदार गणपतराव अकलूजचे. बोलायला फटकळ, पण शिपायाला उपाशी ठेवून स्वतः कधी जेवले नाहीत. त्यांनी माझं पुरतं ऐकून घेतलं.

"तुमचं समदं ठाऊक हाय मला. म्हनूनच तर दिलाय. जा."

तुम्हा शिविलियन लोकांना सांगतो. नंबर एक गन चालवतो. नंबर दोन शेजारी पालथा पडून थाळीसारखं मॅगझीन बदलतो आणि बाजूवर नजर ठेवतो. नंबर दोन कच्चा निघाला, तर नंबर एक संपला. म्हणून दोघांनी एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं, एकमेकांचा जीव सांभाळायचा. आम्ही शेजारी बसून जेवायचो खरं, पण गनच्या कामापलीकडे एक शब्द बोलायचो नाही. 'मॅगझीन', 'चढवलं', बस्स.

वैर जुनं होतं. आमची धनगरांची वाडी नातेपुत्यापासून जवळ. वाडीत बिरोबाचं ठाणं, आणि बिरोबाला सोडलेला एक एडका, म्हणजे मेंढा. देवाचा एडका कोणी बांधत नाही. तो मनाला येईल त्या कळपाबरोबर हिंडतो आणि मन मानेल त्या वाड्यात, मेंढरं कोंडायच्या कुंपणात, बसतो. एक दिवस तो दिसेनासा झाला. धुळानं सगळ्यांसमोर ठाण्यावरचा भंडारा, देवाची हळद, हातात उचलला आणि शपथ घेतली की, दिवस मावळताना एडका सिदूच्या बापाच्या वाड्यात शिरताना मी बघितला. मग काय, माझ्या बापानं, आबांनी, देवाचा एडका नातेपुत्याच्या बाजारात विकला, असं ठरूनच गेलं.

पंचांनी आबांना सांगितलं, तुम्हीही भंडारा उचला. आबा म्हणाले, "देवाला भांडनात वडायचं न्हाय मला." झालं, तोच गुन्हा कबूल धरला. आबा तरणेपणापासून बिरोबाच्या यात्रेत ढोल वाजवत आलेले. गजी नाचणारी पोरं त्यांच्या थापेवर पाय उचलायची. तो ढोल काढून घेतला. पुढच्या यात्रेला आबा लांब बांधावर बसले होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. मला ते बघवेना. मी भरती झालो. वर्ष गेलं आणि धुळाही त्याच पलटणीत येऊन उभा राहिला. आता याला काय म्हणायचं?

वझिरिस्तानातली ड्यूटी सोपी नव्हती. रस्त्यावरून कॉन्व्हॉय, म्हणजे पलटणीचा तांडा, जायचा असला की दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर आधी पिकेट, म्हणजे पहाऱ्याची तुकडी, चढवायचं. चढताना फार काही होत नाही. खरा धोका उतरताना. तुम्ही माथा सोडला की पठाण माथ्यावर आलाच. त्या दिवशी दुपारी कॉन्व्हॉय निघून गेला आणि खालून माघारी उतरायची लाल झेंडी हलली. गणपतरावांनी हुकूम सोडला.

"गन पयली खाली. बाकीचे टप्प्याटप्प्यानं. मी शेवटाला."

मी आणि धुळा पळत खालच्या खडकाआड आलो, गन लावली. माणसं एकेक करून आमच्या मागं उतरली. गणपतराव उघड्या उतारावर होते तेव्हा माथ्यावरून फैरी आल्या. ते बसल्यासारखे खाली गेले आणि उठले नाहीत. मी माथ्यावर गन धरली. मॅगझीन संपलं.

"मॅगझीन!"

कोणी नाही. बाजूला बघितलं तर भरलेली मॅगझीनं माझ्या हाताशी रचून ठेवलेली आणि धुळा गायब. पळाला हरामखोर, असंच मनात आलं. मग समोर बघितलं. तो वर चढत होता, हुकूम नसताना. मी स्वतःच मॅगझीन चढवलं आणि माथ्यावरच्या एकालाही डोकं वर काढू दिलं नाही. लंगडी मेंढी खांद्यावर घ्यावी तसं धुळानं हवालदारांना घेतलं आणि खाली आणलं. जमिनीवर ठेवलं तेव्हा कळलं की धुळाचा उजवा पंजा फुटला होता.

कॅम्पच्या दवाखान्याच्या तंबूत दोघांच्या खाटा शेजारी होत्या. गणपतरावांच्या पोटात गोळी होती. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली ती आम्हाला दिसली, त्यांनाही दिसली. धुळाचा पंजा कापावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आल्यावर तो त्या बँडेजकडे बघून हसायला लागला. मला वाटलं, खुळावलं की काय हे.

"फिटलं बग सिदू. ह्याच हातानं उचलला हुता. माजा भंडारा खोटा हुता."

मग त्यानं सगळं सांगितलं. एडका त्या दिवशी त्याच्याच कळपामागं गेला होता. धुळाला झाडाखाली डोळा लागला आणि लांडग्यानं एडका नेला. देवाचा जीव आपल्या झोपेनं गेला, या भीतीनं तो बोलून गेला, आणि मग मागं फिरता येईना. खोटा भंडारा उचलणाऱ्याचा हात झडतो, असं आमच्याकडे सांगतात. त्याची बायको जेवण वाढताना रोज त्याच्या हाताकडे बघायची. ते सोसेना म्हणून तो भरती झाला होता.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. बापाची ती बोटं डोळ्यांसमोर आली. समोर जखमी माणूस नसता तर मी त्याला बडवलाच असता. गणपतराव डोळे मिटून ऐकत होते.

"सिदू, मारायचं आसंल तर घरी न्हेऊन मार. पर दोगं संगट जावा. त्याच्या बापाफुडं सांग रं धुळा, हितं सांगून काय उपेग? ह्यो हुकूम हाय."

सुभेदारसाहेब तिथंच उभे होते. त्यांनी माझी रजा मंजूर केली. ऊन कलायच्या आत गणपतराव गेले.

जखम भरल्यावर धुळाला पेन्शनवर घरी धाडलं, मी रजेवर सोबत निघालो. सोलापूरला गाडीतून उतरलो आणि चालत सात रस्ता चौकात आलो. तिथं धुळा एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, तू हो पुढं. मी त्याची वळकटी उचलली. "हुकूम हाय. ऊठ." तो उठला.

वाटेत अकलूजला हवालदारांच्या घरी गेलो. त्यांच्या मंडळींनी एकच विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? धुळा म्हणाला, "आमी दोगं हुतो, वयनी. माज्या खांद्यावरनं आनलं त्यास्नी." त्या माउलीनं आम्हा दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

वाडीत ठाण्यासमोर माणसं जमली. धुळानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पंच म्हणाले, देवानं हात घेतला, न्याय झाला, आता याला वाडीबाहेर घालवा. धुळानं मान डोलावली. तेही त्यानं मनात धरलेलंच होतं. मग सगळे आबांकडे बघायला लागले. मी पण. खरं सांगतो, आबांनी त्याला दोन शिव्या हासडाव्यात असं मला वाटत होतं.

"देवानं ह्याचा हात घेतला म्हनता," आबा म्हणाले. "मग त्या अकलूजच्या हवालदारानं कुटला भंडारा उचलला हुता?"

आबा उठून धुळाजवळ येऊन उभे राहिले.

"देव काय शिक्षा मोजत बसत न्हाय. गोळी पठानाची. देवानं ह्याला माघारी धाडला, येवडंच त्याचं काम. मी कोन घालवनार? ढोल आना."

ढोल आला. आबांचा खांदा आता थकला होता, ओझं पेलत नव्हतं. त्यांनी ढोलाची दोरी धुळाच्या गळ्यात घातली. "तू धर. मी वाजवतो." धुळानं राहिलेल्या हातानं ढोल पोटाशी घट्ट धरला आणि लहान पोरासारखा रडला. मलाही रडू आलं, पण त्यात राग नव्हता. इतकं हायसं मला पलटणीतून जिवंत घरी आल्यावरही वाटलं नव्हतं.

आबांनी ढोलाचं टिपरू उचललं आणि थांबले. मला विचारलं, त्या हवालदाराचं नाव काय? मी सांगितलं. त्यांनी ते मोठ्यानं घेतलं आणि पहिली थाप मारली.

आता आबा नाहीत, धुळाही नाही. ढोल धुळाचा नातू वाजवतो. यात्रेत पहिली थाप मारायच्या आधी तो अजून गणपतराव हवालदारांचं नाव घेतो, आणि मी बसल्या जागेवरून उठून सावधान उभा राहतो.