दोन विमानांच्या मधला वेळ

आमची मुलगी बंगळूरला असते. तिला कामासाठी दिल्लीला जायचं होतं. तिकडून सरळ विमान आहे म्हणे, पण तिनं मुद्दाम नांदेडला बदलायचं तिकीट काढलं. सकाळी एका विमानातून उतरायचं, दुपारी उशिरा दुसऱ्यात बसायचं. मधल्या वेळात गाडी करून परभणीजवळच्या आमच्या गावी यायचं, बापाशी बोलायचं आणि माघारी जायचं. मी फोनवर म्हटलं, एवढी ओढाताण कशाला करतेस, दिवाळीला निवांत ये. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत थांबायचं नाही.

आदल्या दिवाळीतच सगळं बिघडलं होतं. घरात पाहुणे बसलेले असताना ती बापाला म्हणाली, "आबा, इका आता ती मेंढरं. या वयात रानोमाळ फिरता, लोक आम्हाला हसतेत." मालक उठले. काठी उचलली आणि कळपाकडं गेले. तेव्हापासून त्यांनी तिच्याशी फोनवर बोलणं सोडलं. मला मेंढरांचं काही कौतुक नाही. लग्न झाल्यापासून तो वास अंगाला आहे आणि साबणानं जात नाही. पण माणसाला चारचौघांत असं बोलू नये, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

ती यायची होती ते दिवस उन्हाळ्याचे. पिकं निघाली की शेतकरी खतासाठी रात्री मेंढरं शेतात बसवून घेतात. मालक आणि माझा पुतण्या कळप घेऊन झरीच्या शिवारात होते. मालक फोन बाळगत नाहीत. पुतण्याच्या फोनवर मी निरोप दिला, मुलगी नांदेडला विमानानं येतेय, दुपारी तिथूनच पुढं जाणार, एक दिवस घरी या. उलटा निरोप आला की मेंढरं सोडून येत नसतो. त्यांचं नाही म्हणजे नाहीच, हे मी इतकी वर्षं बघत आले होते. मी तोच निरोप मुलीला सांगितला आणि का येत नाही ते मालकांना विचारलं नाही.

ती आली ती उभ्या उभ्याच पाणी प्याली. म्हणाली, आबा येत नसतील तर आपणच रानात जाऊ. मी केलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या, चटणी घेतली आणि तिच्या गाडीत बसले.

वाटेत तिनं मला सगळं सांगितलं. तिचे सासरे वर्षापूर्वी नोकरीतून निवृत्त झाले. चांगले हिंडतेफिरते होते. आता दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि फाटकातून कोण आलं, कोण गेलं ते बघतात. जेवायला हाक मारली तरी लवकर उठत नाहीत. ती म्हणाली, "माय, त्यांच्याकडं बघितलं की मला आबा दिसतेत. मी बोलले ते चुकलं. मेंढरं इकू नका, हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचंय."

मी म्हटलं, मग सांग की. तोंड तर तुला देवानं दिलंयच.

झरीच्या शिवारात पुतण्याचा फोन लागेना. रानात चार्जिंग कुठलं. ज्या शेतात कळप असल्याचं मला ठाऊक होतं, तिथं नुसत्या लेंड्या होत्या. शेतकरी म्हणाला, काल कालव्याच्या पलीकडं गेले. ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता. पलीकडं जाऊन एका बाभळीखाली कळप सापडला, पण तिथं पुतण्या एकटाच.

"काका तर पहाटंच नांदेडला गेले, इमानतळावर," तो म्हणाला. "पोरगी घाईत यायलीय, तिला कशाला रानात पळवायचं, मीच जातो म्हनले. धुतलेलं धोतर नेसून गेले की."

मुलगी मेंढरांत जाऊन उभी राहिली. एक मेंढी मागच्या पायानं लंगडत होती, तिच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. मग आम्ही गाडीत बसलो. नांदेडपर्यंत भाकरी तशाच मांडीवर राहिल्या.

विमानतळाच्या फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत मालक उकिडवे बसले होते. त्यांची बस उशिरा पोचली, तोवर मुलगी निघून गेली होती. पण ते हलले नाहीत. परत इथंच यायची हाय की, म्हणाले. आम्ही दोघी उन्हातान्हात त्यांना हुडकत होतो आणि ते एका जागी बसून होते.

मुलगी पाया पडली. त्यांनी आधी विचारलं, "मेंढरं बघितलीस?"

"बघितली."

"लंगडी चरायलीय का?"

"चरायलीय. पाय लय सुजलाय, आबा."

"हळद लाव म्हनून सांगितलं व्हतं त्याला. लावली न्हाई वाटतं."

मग त्या पायावरच बोलणं चाललं. काटा होता की दगड लागला, गरम पाण्यानं शेकावं का. दिवाळीपासून अबोला धरलेली दोन माणसं, हातात थोडासा वेळ, आणि बोलत होती मेंढीच्या खुराबद्दल. शेवटी मुलगी म्हणाली, "आबा, मला तुमाला एक सांगायचंय."

"आदी माझं ऐक," ते म्हणाले. "येताना परभनीत इसार घेतला. कळप दिला सगळा. तुज्या मनासारखं झालं. आता तुला कोन हसनार न्हाई."

मुलीचा चेहरा उतरला. "इसार माघारी द्या, आबा. मी तेच सांगायला आले व्हते. इकू नका."

त्यांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं चोरी करायला सांगितलं. आमच्यात इसार, म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे, हातात घेतला की जनावर दुसऱ्याचं झालं. मग बाप मेला तरी बोली फिरवत नाहीत. "घेतलेला इसार कोन माघारी देतं का, बाई?" एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात दारावरच्या माणसानं तिला आत जायला सांगितलं. ती गेली. काचेतून दिसेनाशी होईपर्यंत मागं वळून बघत होती.

परतीच्या बसमध्ये मी मालकांना त्या भाकरी दिल्या. त्यांनी खाल्ल्या.

आठवड्यानं व्यापाऱ्याचा टेम्पो आला. लंगडीलाही त्यानं चढवली.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. हा माणूस जन्मभर कुणाच्या सांगण्यावरून हलला नाही. त्या दिवशीही कळपापाशीच बसून राहिला असता, तर मुलीनं आधी सांगितलं असतं आणि मेंढरं राहिली असती. आयुष्यात एकदा हट्ट सोडला, तो नेमका त्या दिवशी. आणि घरी का येत नाही, हे मी एकदा नीट विचारलं असतं, तर ते विमानतळावर जाणार हे कदाचित मला कळलंही असतं.

मुलगी आता दोन-तीन महिन्यांनी येते, तसंच नांदेडला उतरून. तिला कुठं शोधत जावं लागत नाही. मालक ओट्यावरच असतात, रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, ते बघत.