सुरतेस, मायच्या आवाजाबद्दल

सुरत, तुझ्याकडे निघालो त्या सकाळी अमळनेरच्या फलाटावर माय आबांच्या कानाशी लागून काहीतरी बोलली आणि आबा हसले. मी दोघांच्या मध्येच उभी होते, हातात रॉकेलच्या स्टोव्हची पिशवी धरून, तरी मला काही ऐकू आलं नाही. माय बोलायचीच तेवढी हळू. सासूसासरे, दीर, जावा अशा भरल्या घरात तिचा संसार सुरू झाला होता. नवऱ्याशी जे बोलायचं ते भाकरी वाढताना, खाली मान घालून. आबांना मात्र तिचा शब्दन् शब्द कळायचा. आजी जावांना म्हणायची, "या दोन्हीसनं काय चालस, देवले ठाऊक."

पॅसेंजर आली, आम्ही चढलो. संध्याकाळी उधन्याला उतरलो तेव्हा तू पहिली गोष्ट काय केलीस, तर कोळशाचा आणि रंगाच्या वाफेचा वास आमच्या तोंडावर मारलास. मी तेव्हाच तुला शिवी दिली होती. आज ही दुसरी समज.

तुझं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. सुरतेत कोणी उपाशी राहत नाही, म्हणतात. आम्हीही उपाशी राहिलो नाही. गोडादऱ्यात एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत चहा उकळला तर आमच्या भिंतीला कळायचं, इतकी ती जवळ. आबांना लूमवर काम लागलं. शेठचं खातं, म्हणजे लूमचा कारखाना, गल्लीच्या टोकालाच होतं. पत्र्याखाली शंभरावर लूम एकदम खडखडायचे. दाराशी डबा द्यायला गेले की माझे दात हलल्यासारखे वाटायचे. आबा तिथे रोज बारा तास उभे राहत. त्यांनी एकदा कानात कापूस घातला होता. मुकादमाने तो काढायला लावला. म्हणाला, लूम बिघडला तर आवाजावरूनच कळतं, बहिरा होऊन काम करशील काय? त्याला आपलं बोलणं विनोदी वाटलं असावं.

पहिली दोन वर्षं आम्हाला वाटायचं, आबा चिडून घरी येतात. "पाणी दे," हेसुद्धा ते ओरडून सांगायचे. मग एका संध्याकाळी माय स्टोव्हपुढे बसून नेहमीसारखी काहीतरी बोलली. आबांनी मान वर केली नाही. ती पुन्हा बोलली. मग जन्मात पहिल्यांदा तिने आवाज चढवला, "आयकतस का? भाजीमा मीठ कमी शे का?" आबांच्या आधी भिंतीपलीकडून सुमनमावशी बोलल्या, "काय झालं वो ताई? भांडन झालं का?"

मायने पदराने तोंड पुसलं. त्या दिवसापासून तिच्या बोलण्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. ओरडून सांगता येतील एवढ्याच गोष्टी उरल्या. जेवा. पाणी आलं. रॉकेल संपलं. पोरीची फी भरायची शे. बाकी जे काही ती चुलीपुढे त्यांना सांगत असेल, रुसवे, चहाड्या, मस्करी, ते सगळं बंद झालं. गावी लग्नाला गेलो तर काकू विचारू लागली, "तुम्ही रोज भांडतस का व?" आम्ही भांडत नव्हतो. आम्ही तुझ्या आवाजात बोलायला शिकलो होतो.

हे मला एवढं कशाला उगाळायचं आहे, ते आता सांगते.

मी नववीत होते. माय साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणायची. कापता कापता ती मध्येच थांबून डाव्या काखेखाली हात दाबून धरते, हे माझ्या लक्षात आलं. विचारलं तर आधी उडवून लावलं. मग मोरीत नेऊन माझा हात तिथे ठेवला. सुपारीएवढी गाठ होती.

"आबास्ले सांग," मी म्हणाले.

"कशी सांगू? गल्ली आयकस."

मी सांगते म्हटलं तर म्हणाली, "तू बी वरडीसनच सांगशी." चिठ्ठी लिहावी तर आबांना वाचता येत नव्हतं. आणि छातीतली गाठ हाताच्या खुणेने दाखवायची, तीही वयात आलेल्या पोरीसमोर, हे तिच्याने होत नव्हतं. माझ्या मायला नवऱ्याला एक वाक्य सांगायचं होतं, आणि सुरत, तुझ्या एवढ्या पसाऱ्यात ते सांगायला तिला जागा नव्हती.

खात्याला सुट्टी होती त्या दिवशी ती म्हणाली, कामरेजला जाऊन येऊ. कामरेजला आमचं कोणीही नव्हतं. आबांना वाटलं, कुठल्या देवाला जायचं असेल. बसमधून उतरल्यावर माय हायवे सोडून उसाच्या शेतांमधल्या वाटेने चालू लागली. ट्रकचे हॉर्न मागे पडेपर्यंत चालली. मग थांबून तिने चारी बाजूंनी पाहिलं.

"काय शे आठे?" आबांनी ओरडून विचारलं.

तिने डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "माले गाठ शे! छातीमा! माले भ्याव वाटस!"

पाटावरचे बगळे उडाले. मग आबांचा आवाज फुटला, "काबर सांगं नही?"

"कोठे सांगू? तुमना कान कोठे शेतस आते?"

आबा बांधावर बसले. मला वाटलं, संपलं बोलणं. पण माय थांबेना. वर्षावर्षांचं साचलेलं ती ओरडून सांगू लागली. माहेरी भावाच्या साखरपुड्याला जाता आलं नाही ते. शेजारणीने काय टोमणा मारला ते. रंगाच्या वासाने तिला मळमळतं ते. आबाही ओरडले. म्हणाले, खात्यात लूमपुढे उभा राहून तुझं नाव घेऊन बघतो, माझं मलाच ऐकू येत नाही. हे ऐकून माय रडायला लागली आणि रडता रडता हसायला. मी उसाच्या कडेला उभी होते. आईबापांचं एवढं खासगी बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते दोघं घसा फाटेपर्यंत ओरडत होते.

पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात गाठ काढली. साधी निघाली. तुझे भक्त लगेच म्हणतील, बघ, सुरतेनेच वाचवलं. गाठीतून वाचवलं, हे कबूल. पण बारा खोल्यांच्या चाळीत तिने ती गाठ सगळा पावसाळा मुकाट्याने सांभाळली, ते कोणामुळे?

आबा शेठकडे गेले. लूमवरून काढून कापडाच्या घड्या घालायच्या कामाला लावा, म्हणाले. तिथे आवाज नसतो. मी सोबत होते, कारण शेठचं उत्तर आबांना ओरडून सांगायला कोणीतरी हवं होतं. शेठ रागावला वगैरे नाही. चहा पाजला आणि म्हणाला, "काका, आवुं तो बधाने थाय. न फावे तो गाममां जईने आराम करो." असं तर सगळ्यांनाच होतं, जमत नसेल तर गावी जा. मी आबांच्या कानाशी ओरडले, "नाही म्हणतो." तेवढंच.

मायचे टाके अजून ओले होते तेव्हा चौऱ्याण्णवचा तो प्लेग आला. दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. जो तो तोंडाला रुमाल बांधून उधन्याला पळाला. मायला गर्दीत नेता येईना म्हणून आम्ही राहिलो. खाती बंद पडली. सुरत, तू गप्प बसलीस, तसं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या भीतीतही मला बरं वाटत होतं. दुपारी पत्र्यावर कावळा चालला तरी ऐकू येत होता.

त्या दुपारी आबा भिंतीला टेकून बसले होते. एकदम म्हणाले, "कोनतं खातं चालू शे व?"

मी मानेने नाही म्हटलं. ते उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. कुलूप पाहून आले. दोन्ही तळव्यांनी कान दाबले, सोडले, पुन्हा दाबले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लूम बंद होते आणि त्यांच्या डोक्यात चालूच होते. कामाच्या गोंगाटात ते त्यांना कधी कळलं नव्हतं. माय जवळ जाऊन बसली आणि तिने त्यांचे कान आपल्या हातांनी झाकले. त्याचा उपयोग नव्हता, पण ती बराच वेळ तशीच बसली.

पुढे माझं लग्न होऊन मी नाशिकला आले. सासर सुशिक्षित, घर शांत. मी जोरात बोलते म्हणून सुरुवातीला सगळे दचकायचे. आल्यापासून माझ्या मनात एकच होतं, आईबापांना तुझ्यापासून सोडवायचं. धाकट्या काकांना पत्रं लिहिली, आबांना गावी बोलावून घ्या म्हटलं. काका भले, त्यांनी मागची खोली मोकळी करून दिली. मायने बिऱ्हाड बांधलं. ती दोघं गावी पोचल्याचं कळलं त्या दिवशी मी गोडाचं केलं. वाटलं, जिंकलो तुला.

महिनाही काढला नाही त्यांनी. परत गोडादऱ्यात, त्याच गल्लीत. मी तडक सुरतेला आले, भांडायलाच आले. आबा म्हणाले, गावात इतकं शांत असतं की डोक्यातले लूम डोळा लागू देत नाहीत. इथे बाहेरचे लूम चालू असले की आतले ऐकू येत नाहीत. मी मायकडे पाहिलं. ती मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यास्ले जठे झोप लागस, तेच घर."

म्हणजे त्यांना जी जखम केलीस, तिचं औषधही तूच स्वतःजवळ ठेवलंस. याहून नीच काम मला माहीत नाही. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मागच्या महिन्यात इथे नाशिकला एका हळदीकुंकवाला गेले होते. एका बाईने विचारलं, "माहेर कुठलं हो तुमचं?" इतकी वर्षं मी गावाचं नाव सांगत आले. त्या दिवशी तोंडातून "सुरत" गेलं, आणि तेही इतक्या जोरात की सगळ्या बायांनी वळून पाहिलं. माझा मलाच राग आला. पण मी ते दुरुस्त केलं नाही.