अप्पांचं सरळ नाक

अप्पा वारल्यावर मी त्यांचं नाक सरळ केलं. जिवंतपणी ते काम एका हाडवैद्याला आणि दोन-तीन डॉक्टरांना जमलं नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. तापीकाठी केळीची बाग, सिंधीपुऱ्यात घर, आणि दोन्हीकडे सारखाच आरडाओरडा. फोटोचा त्यांना मनापासून तिटकारा होता. नातेवाइकांच्या लग्नाच्या अल्बमांत ते आहेत, नाही असं नाही. पण कुठे पाठमोरे, कुठे तोंडात अख्खा लाडू, आणि एका ठिकाणी फोटोग्राफरला हाकलताना, म्हणजे नुसता पंजा. समोरून काढलेला एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. तो पाहून माणूस गेल्याचं दुःख होत नाही, पकडला गेल्याचं समाधान वाटतं.

तेराव्याला हार घालायला फोटो तर हवा. नेपानगरची आत्या आल्या आल्या रडली, डोळे पुसले, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "घरात आर्टिस्ट पोसला, न बापाचा एक फोटू नाही?"

आर्टिस्ट म्हणजे मी. टॅबलेटवर पेनाने चित्रं काढतो. पोटासाठी केळीच्या खोक्यांवरची लेबलं आणि भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फलक (माझ्या हातून गेलेला एकही पुढारी पस्तिशीच्या पुढे दिसत नाही), आणि हौसेसाठी चेहरे. अप्पा हयात होते तोवर या कलेला ते 'बोट घासणं' म्हणायचे. "सुन्या काय करते?" असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "काचेवर बोट घासते."

आईने हार, फोटो, काहीच मागितलं नव्हतं. ती अप्पांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून असायची. एकदा दुपारी मी चहा घेऊन गेलो तर ती म्हणाली, "सुन्या, डोये मिटले का मले तो नळीवाला चेहराच दिसते. दवाखान्यातला. पहिलेचे ते दिसतच नाही. तू पहिलेचे काढून दे. भिंतीवर असले म्हंजे तो पुसून जाईन."

नळीचं मलाही आठवत होतं. शेवटच्या दिवसांत अप्पांना नाकातून नळी घालायची होती आणि ती कुठल्या बाजूने आत जाईल यावर दवाखान्यात चर्चा झाली होती. इतकं ते नाक वाकडं होतं. दोन डोळ्यांच्या मधून ते सरळ निघायचं आणि अर्ध्या वाटेत विचार बदलून डाव्या गालाकडे वळायचं. तरुणपणी आमच्या गोठ्यातल्या ढवळ्या नावाच्या बैलाने मारलं, असं अप्पा सगळ्यांना सांगायचे. आजोबांनी त्या बैलाला पुढच्याच बाजारी विकून टाकलं. गोठा घराच्या मागे होता, तेव्हापासूनच असेल, मागच्या दारातून आत येताना अप्पा जरा थांबायचे, खाकरायचे आणि मगच पाऊल टाकायचे. मला वाटायचं, निदान तेवढा एक सभ्यपणा आहे माणसात.

तर मी कामाला लागलो. आधार कार्ड, आठवण आणि लाडवाचा फोटो (लाडू वजा करून) एवढ्या भांडवलावर चेहरा उभा केला. बरा झाला होता. तोच आईला दाखवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला तो 'बरा' नको होता, उत्तम हवा होता. म्हणून मी तो आमच्या ग्रुपवर टाकला.

हा ग्रुप म्हणजे देशभरातले चेहरे रंगवणारे लोक. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या चित्रातली खोट चटकन दिसते. माझे वडील आहेत, वारलेत, हे मी लिहिलंच नाही. ते लिहिलं की लोक हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि खोट सांगत नाहीत. मी लिहिलं, "एक बुज़ुर्ग का पोर्ट्रेट है. चेहरा सुधारना है. खुलके बोलो."

लोक खुलके बोलले.

इंदूरचा एक जण म्हणाला, "भाई, नाक शिफ्ट हो गई है. सेंटर लाइन डालो."

मी मधोमध रेघ आखली. नाक खरंच रेघेबाहेर होतं. उचलून रेघेवर ठेवलं.

"एक भौं ऊपर क्यों है?" कोलकात्याच्या मुलीने विचारलं. "किसी पे शक कर रहे हैं क्या?"

करत होतेच. केळीचा भाव असो की माझे परीक्षेतले मार्क, काहीही सांगितलं तरी अप्पांची ती भुवई वर जायची, आणि पुढेपुढे तिने खाली येणंच सोडलं होतं. मी ती खाली आणली. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांचा माझ्यावर विश्वास बसला.

ग्रुपचे प्रमुख नागपूरचे एक काका. ते मोजकं बोलतात. "खालचा ओठ लोंबतोय. आवरा."

ओठ आवरला. मग कान जुळेनात, ते जुळवले. गालावरची पुळी 'लक्ष विचलित करते' म्हणून गेली. कुणीतरी म्हणालं, डावीकडून सोनेरी उजेड येऊ द्या. आमच्या सिंधीपुऱ्याच्या घरात डावीकडून फक्त शेजाऱ्यांच्या मोरीचा वास येतो, पण मी सोनेरी उजेड आणला. प्रत्येक दुरुस्तीला लाल बदामांच्या चिन्हांचा पाऊस पडत होता. शेवटी इंदूरवाल्याने लिहिलं, "अब बात बनी. एकदम फादर फिगर लग रहे हैं."

खरं सांगतो, ते दिवस मला बरे गेले. घरात सुतक, माणसांची ये-जा, आत्याचं थांबून थांबून रडणं. आणि मी कोपऱ्यात पेन घेऊन बसलेलो. बाप गेला याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. ओठाचं काय करायचं ते नागपूरचे काका सांगत होते. मी रडलो नाही, मी नाक घासत बसलो. अप्पांनी माझ्या कलेला दिलेलं नाव तेवढ्यापुरतं अगदी बरोबर होतं.

चित्र मोठं छापून घेतलं आणि शनवारा भागात फ्रेमवाल्या चाचांकडे नेलं. या चाचांकडे अप्पा वर्षानुवर्षं केळीचे घड टाकायचे आणि तासन् तास बसायचे. चाचांनी काच पुसली, चित्र आत बसवलं, ते दोन्ही हातांत उभं धरलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अप्पा का सुना बेटा. बहुत अफ़सोस हुआ. ऐसा चेहरा अब कहाँ देखने को मिलेगा."

"हो ना चाचा," मी म्हणालो.

"और ये साहब कौन हैं?"

शहाणा माणूस तिथूनच घरी परत गेला असता आणि पुन्हा पेन हातात घेतलं असतं. मी म्हणालो, "एक ग्राहक हैं."

"ख़ानदानी आदमी लगते हैं," चाचा म्हणाले आणि त्या ग्राहकाला त्यांनी फुलांची नक्षी फुकट लावून दिली.

तेराव्याला चौरंगावर फोटो ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. भटजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "हे तुमचे सासरे का?" माझे सासरे शेजारीच बसले होते. ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

तेवढ्यात आत्या पुढे आली. हंबरडा फोडायचा तिचा घरात पहिला मान. तिने फोटोपुढे बसकण मारली, कपाळावर हात मारला आणि सुरू केलं, "अरे माझ्या भावा, अरे कुठी गेला रे मले सोडून..." आणि मान वर केली. सूर तिथेच तुटला.

"हा कोन व्हय?" ती म्हणाली.

"अप्पा आहेत, आत्या."

"माझ्यासंगं वाढला तो, मले सांगतं का? हा तं तहसीलदार दिसते." मग ती उठली, फोटोकडे पाठ केली आणि अप्पांच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून उरलेलं रडणं पूर्ण केलं. बाकीच्या बायाही तिच्यामागोमाग खाटेकडे वळल्या. मी खानदानी आदमीच्या बाजूला एकटा उभा राहिलो.

शेवटी आईला धरून बाहेर आणलं. तिने फोटोकडे पाहिलं. खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घालून बाजूला सरकली. अप्पांसमोर तिने कधी पदर घेतला नव्हता. परक्या पुरुषासमोर घ्यायची.

मला वाटलं, दोन दिवसांत सवय होईल. फोटो अप्पांच्या खोलीत भिंतीवर लावला. आईने आपलं अंथरूण उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. त्या खोलीत पाऊल टाकायचं झालं तर आधी पदर. जेवायला बसली तर तिकडे पाठ. माझी बायको ज्योती शेवटी वैतागली. "तुम्ही सासऱ्यांच्या जागी कुणाला आणून बसवलंय? सासूबाई दार लावून साडी बदलतात, आणि वर मला म्हणतात, त्या बाहेरच्या माणसाला सांग, तिकडे पाहू नको म्हणून."

मी आईजवळ जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"आई, इतका वाईट झालाय का?"

"वाईट कुठी? चांगलाच हाय. पन परका हाय. त्याच्यासमोर मी पाय पसरून कशी बसू?" मग हळूच म्हणाली, "न तो नळीवाला गेलाच नाही, बाबू. आता याचा चेहरा पाहते न डोये मिटले का त्याचा. माझे ते दोघाइच्या मधात कुठी गेले, समजतच नाही."

मी तिच्या ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"काय चुकलं ते सांग. मी करतो."

"नाक."

"अगं, ते मुद्दाम सरळ केलं. बैलाने मोडलेलं नाक भिंतीवर कशाला लावायचं?"

आईने ताट बाजूला ठेवलं. दाराकडे पाहिलं. आत्या नेपानगरला परत गेली होती, तरी आवाज खाली आणला.

"बैल नव्हता रे."

"मग?"

"लग्नाचं पहिलं वर्ष. भाकरीवरून ते काहीतरी बोलले न माझ्या माहेरावर गेले. मी परसातून रागानं उठली न आत येऊन हे मागचं दार असं आदळलं. ते माझी समजूत काढाले मागंच येऊन राहिले होते. मले काय मालूम."

मी मागच्या दाराकडे पाहिलं. सागवानी, पितळी कडीचं, मी दोन हातांनी ओढतो तेव्हा लागणारं दार. अप्पांचं ते थांबणं आणि खाकरणं मला त्या क्षणी समजलं. सभ्यपणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"आणि ढवळ्या?"

"त्या बिचाऱ्याले फुकट बाजारात नेलं. मी लई रडली त्याच्यासाठी. सासऱ्याले खरं सांगाले निघाली, तं हेच म्हने, चूप राय. बैलाले दुसरा मालक भेटते. तुले याच घरात राहायचं हाय." तिने पदराने नाक पुसलं. "म्हंजे बैल मीच होती. जन्मभर वाकडं नाक घेऊन फिरला माणूस, पन माझं नाव नाही घेतलं. न तू ते सरळ करून टाकलं."

मी टॅबलेट आणला. आई शेजारी बसली, चष्मा लावला आणि अभिप्राय द्यायला लागली. नागपूरच्या काकांपेक्षा कडक.

"डावीकडं घे. अजून."

"एवढं?"

"अजून. अरे, दार सागवानी हाय."

नाक वळलं. भुवई वर गेली. "तशी नाही, तू खोटं बोलतं तवा जायची तशी." ती कशी जायची ते मला चांगलं पाठ होतं. ओठ सोडला, कान बिघडवले, पुळी परत आणली, सोनेरी उजेड घालवला. आई पाहत राहिली. पाहता पाहता डोक्यावरचा पदर सरकून खांद्यावर आला आणि तिने तो सावरला नाही.

"झालं का?" ती म्हणाली. मी उत्तर देणार होतो, पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. "इतके दिवस कुठी होते? घरात कोनीही येऊन बसते न तुमचा पत्ता नाही." असं म्हणून ती रडली. अप्पा गेल्यापासून आई पहिल्यांदा आवाज काढून रडली, आणि मग मीही रडलो. टॅबलेटच्या काचेवर पाणी पडलं, ते मी बोटाने घासलं.

ते चित्र छापून भिंतीवर जुन्याच्या जागी लागलं, आणि आईने त्याच दिवशी अंथरूण परत खोलीत नेलं. नळीवाला पूर्ण गेला असं ती म्हणत नाही, पण म्हणते, आता हे आधी येतात.

नवं चित्र मी उगाचच ग्रुपवर टाकलं. इंदूरवाल्याने लिहिलं, "भाई, सब बिगाड़ दिया." नागपूरच्या काकांनी नुसतीच ती जुनी मधोमधची रेघ आखून पाठवली. खानदानी आदमी मी चाचांना देऊन टाकला. तो नमुना म्हणून त्यांच्या दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेला असतो. शनवाऱ्यातून रिक्षाने जाताना आई त्याच्यासमोर अजून पदर घेते.

मध्यंतरी तिने मला बोलावलं. "माझापन आताच काढून ठेव. मागून धावपळ नको. न माझा मात्र त्या तुझ्या दोस्ताइले दाखवजो. सगळं सुधरवून घे. बैल दिसाले नको."

मी काढला, ग्रुपवर टाकला. पहिला अभिप्राय लगेच आला. "वाह भाई. चेहरे पे गुस्सा क्या पकड़ा है."

आई रोज विचारते, काय म्हणाले रे ते लोक. मी अजून सांगितलेलं नाही. माझं नाक सरळ आहे, दार तेच आहे, आणि हल्ली मागून घरात येताना मीही जरा थांबतो आणि खाकरतो.