सासूबाईंचा सातवा गुरुवार

देवावर माझी श्रद्धा आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं म्हणजे मला त्याची भीतीच जास्त वाटायची. धरलेलं व्रत मधेच सुटलं तर काहीतरी वाईट घडेल, या धाकापायी मी डॉक्टरांशी खोटं बोलले आणि सासूबाईंच्या जिवावर बेतलं.

आम्ही जानेफळचे. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण अवघड जाईल असं कळलं, तेव्हा सासूबाईंनी महाराजांना अकरा गुरुवारांचा उपास बोलला. दिवसभर नुसतं पाणी, दिवे लागल्यावर जेवण. वय सत्तरीचं आणि त्यात शुगर. गावातल्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून देताना विचारलंही होतं, उपासतापास करता का म्हणून. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर डॉक्टर उपास बंद करायला लावणार, म्हणून मीच नाही म्हणाले. त्यांनी तसं कागदावर लिहून घेतलं.

सातव्या गुरुवारी दुपारी सासूबाईंना दरदरून घाम फुटला. जीभ जड झाली, मला ओळखेनात. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं तर तापाची साथ चालू, पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टरांच्या दाराशी पोचलेल्या एका अनोळखी बाईने न मागता रांगेतला आपला नंबर आम्हाला दिला. सासूबाईंना धरून तीही आमच्यासोबत आत आली.

डॉक्टरांना मान वर करायची फुरसत नव्हती. शुगर तपासायच्या पट्ट्या सकाळीच संपलेल्या. त्यांनी जुना कागद पाहिला. मागच्या वेळी शुगर फार वाढलेली होती, आताही तसंच असणार असं धरून त्यांनी सिस्टरला इन्सुलिन भरायला सांगितलं. न तपासता सुई कशी देता, हे मी विचारायला हवं होतं. पण विचारलं की माझं खोटं उघडं पडणार. मनातल्या मनात मी महाराजांचा धावा करत होते आणि तोंडाने गप्प होते. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सिस्टरने दंडावर बोळा फिरवला, तेवढ्यात ती बाई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा. मायचा उपास हाये ना आज?"

तिला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण ऐकलं आणि माझं तोंड उघडलं.

"डॉक्टर, थांबा. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही आणि गोळी घेतली आहे. मागे मी तुमच्याशी खोटं बोलले."

डॉक्टरांनी सिस्टरचा हात अडवला. समोरच्या मेडिकलमधून पट्ट्या आणवल्या. शुगर इतकी खाली गेलेली होती की त्यांचाच चेहरा उतरला. लगेच शिरेतून साखर सुरू केली. पुढे ते एवढंच म्हणाले, की तपासल्याशिवाय सुई भरायला सांगणं ही त्यांची चूक होती. माझ्या चुकीबद्दल ते काही बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

बाहेर येऊन पाहिलं तर ती बाई कुठेच नव्हती. मी तिचं गावसुद्धा विचारलं नव्हतं. ती कोण होती याचा शोध मी घेत बसले नाही. वेळेवर आली, यात मला सगळं मिळालं.

मुलीचे दिवस अजून भरायचे आहेत आणि काळजी काही गेलेली नाही. उरलेले गुरुवार उपास न करताच आम्ही महाराजांच्या पायाशी ठेवून मोकळ्या झालो. देवावर सोपवायचं म्हणजे गप्प राहायचं असं मी धरून चालले होते. आता मुलीच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगते आणि मग हात जोडते.

त्या दुपारी सासूबाईंनी डोळे उघडले आणि आधी विचारलं, "मोडला का वं माहा उपास?"

मी रडतच हो म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "भल्ली भूक लागली होती मले."